डीव्हीडी रायटर म्हणून कॉम्बो गळ्यात मारतात, बेळगावकरांनो जपून

हल्लीच्या कॉम्प्युटरला डिस्कचा ड्राइव्हच नसतो. आमच्या भजनी मंडळाच्या सप्ताहाचं जुनं चित्रीकरण सगळं डीव्हीडीवर. ते उतरवून घ्यायचं आणि ज्यांच्या टीव्हीखाली अजून प्लेअर आहे त्या म्हाताऱ्या मंडळींना नव्या डीव्हीडी करून द्यायच्या, म्हणून यूएसबीवर चालणारा रायटर, म्हणजे डिस्कवर लिहिणारा ड्राइव्ह, आणायला खानापूरहून बेळगावला गेलो. बाजारातल्या एका गल्लीतल्या दुकानात बाराशेला मिळाला. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण हा माल एकाच दुकानात असेल असं मला वाटत नाही.

दुकानदार बोलायला गोड. स्वतःच्या लॅपटॉपला जोडून सिनेमाची डीव्हीडी लावून दाखवली. मग ट्रेवरच्या खुणांवर बोट ठेवून म्हणाला, “डीव्हीडी बी आहे, रिरायटेबल बी आहे, बघा की सर!” दोन्ही खुणा खऱ्याच होत्या. फक्त ‘रिरायटेबल’ हे ‘कॉम्पॅक्ट डिस्क’च्या खाली होतं आणि ‘डीव्हीडी’च्या खाली नुसतं ‘रॉम’. म्हणजे वस्तू कॉम्बो: सीडी वाचणार आणि लिहिणार, डीव्हीडी मात्र नुसती वाचणार. खऱ्या रायटरवर डीव्हीडीच्याच खुणेखाली आर (एकदा लिहिता येणारी) किंवा आरडब्ल्यू (पुसून पुन्हा लिहिता येणारी) असतं.

घरी कोरी डीव्हीडी घातली की “डिस्क घाला” हाच निरोप. सीडी मात्र झटक्यात लिहून झाली. फोन केला तर आधी “ड्रायव्हर टाका” (म्हणजे ड्राइव्ह चालवणारं सॉफ्टवेअर), मग “तुमच्या यूएसबीला पॉवर कमी पडतोय, दोन तोंडांची केबल घ्या.” दुसरं कारण ऐकायला पटतं, कारण जुन्या यूएसबीतून ५०० मिलिअँपिअरच मिळतात आणि लिहिताना ड्राइव्हला वीज जास्त लागते. पण सीडी कशी लिहिली गेली मग? सीडी लिहिली जाते ७८० नॅनोमीटरच्या लेसरवर, डीव्हीडी ६५० च्या लाल लेसरवर. कॉम्बोतला लाल लेसर वाचण्यापुरताच असतो. तिथं ड्रायव्हर काय आणि केबल काय!

डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरला जोडलेल्या वस्तूंच्या यादीत, नाव बघितलं तर ‘आरडब्ल्यू/डीव्हीडी’. रायटर असता तर ‘डीव्हीडीरॅम’ किंवा ‘डीव्हीडीआरडब्ल्यू’ असं काहीतरी दिसलं असतं. खालचे दोन स्क्रू काढले. आत कुठल्यातरी भंगार लॅपटॉपातला ड्राइव्ह, लेबलवर उत्पादनाचं साल २००८. नवीन होता तो फक्त वरचा प्लास्टिकचा डबा.

परत गेलो तर “उघडलेला माल घेत नाही.” बिल म्हणजे कोऱ्या कागदावर ‘ड्राइव्ह १ नग’ आणि रक्कम, ना जीएसटी नंबर ना मॉडेल. ‘रायटर’ हा शब्द कुठंच नाही, आणि तो मुद्दामच नाही. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर तक्रार नोंदवतो म्हटल्यावर स्वर उतरला. रोख द्यायला तयार होईना. शेवटी आठशेचा पेनड्राइव्ह घेतला आणि ड्राइव्ह त्याच्याच काउंटरवर ठेवून आलो. चारशे गेले ते गेलेच. (पाच लाखांपर्यंतच्या मालाबद्दल जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही, पण चारशेसाठी खानापूर-बेळगाव खेपा कोण घालणार, हे त्यालाही ठाऊक असणार.)

तुम्ही घ्यायला गेलात तर सिनेमा लावून दाखवला यावर जाऊ नका, तो कॉम्बोवरही लागतोच. स्वतःची एक डीव्हीडी-आरडब्ल्यू खिशात घेऊन जा. साधी कोरी डिस्क एकदा लिहिली की संपली. ही पुसून हजारेक वेळा लिहिता येते, त्यामुळं दुकानदाराला “डिस्क वाया जाईल” म्हणायला जागा उरत नाही. एक लहान फाइल लिहायला लावा, पुसायला लावा, पुन्हा लिहायला लावा. बसायला स्टूल मागा, वेळ लागतो. आणि बिलावर ‘डीव्हीडी रायटर’ एवढे दोन शब्द मॉडेल नंबरासकट लिहून घेतल्याशिवाय पाकिटाला हात लावू नका.