कंट्रीचा परवाना, गाणी भलतीच

कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात हायवे 2 वरून कॅल्गरी ते रेड डिअर ट्रक चालवतो, त्यामुळे रेडिओ दिवसभर चालू. आमच्या भागातल्या या एफएम स्टेशनच्या परवान्यातच कंट्रीचं, म्हणजे इथल्या ग्रामीण वळणाच्या संगीताचं, किमान प्रमाण लिहिलेलं आहे. सीआरटीसी या कॅनडाच्या प्रसारण आयोगाच्या वर्गीकरणात पॉप-रॉकचा क्रमांक 21 आणि कंट्रीचा 22, असे दोन्ही वेगळे उपप्रकार. तरी सकाळपासून सरळ पॉप आणि जुना रॉक लावतात. फिडल, स्टील गिटार ही कंट्रीची वाद्यं ऐकायला रात्र व्हावी लागते! किमान 35 टक्के गाणी कॅनेडियन हवीत हा नियम निराळा, त्यानं कंट्रीची भरपाई होत नाही. अहो, लाँगव्ह्यूजवळ रँच सांभाळत गाणी लिहिणारे दिवंगत कंट्री गायक इअन टायसन इथंच राहिले, गायक कॉर्ब लंडही अल्बर्टाचाच. गुरं, घोडे, कष्टाची जमीन यांवरची ही गाणी माझ्यासारख्या माणदेशी माणसालाही जवळची वाटतात. त्यांना घरच्याच रेडिओवर जागा नसावी याचा मला खरंच राग येतो. हवामान आणि रस्त्यांची माहिती मात्र चोख, बर्फात फार उपयोगी. पाचपैकी दोन तारे. फॉरमॅट बदलायचाच असेल तर आयोगाकडे रीतसर अर्ज करा, म्हणजे आम्हा ऐकणाऱ्यांनाही आपलं म्हणणं मांडता येईल.