प्लायवूड आणि फायबरची दीड हजार लिटरची माशांची टाकी : वापरानंतरचा अनुभव

आठ फूट लांब, तीन फूट रुंद आणि अडीच फूट उंच अशी प्लायवूडची, आतून फायबर (रेझिनमध्ये बसवलेले काचकापड) मारलेली माशांची टाकी पुण्यातील घरी बांधली, त्याला आता उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा असे तिन्ही ऋतू उलटून गेले आहेत. टाकीत सुमारे दीड हजार लिटर पाणी असते आणि त्यात टिनफॉइल बार्बचा थवा, काही सिल्व्हर डॉलर आणि ऑस्करची जोडी राहते. दुकानात दोन बोटांएवढा दिसणारा टिनफॉइल बार्ब पुढे फूटभर वाढतो आणि दिवसभर वेगाने येरझारा घालत राहतो, त्यामुळे त्याला चार फुटी टाकीत ठेवणे मला पटत नव्हते. एवढ्या वापरानंतर माझे मत असे झाले आहे की हजार लिटरच्या पुढे जायचे असेल, तर ही पद्धत काचेपेक्षा निश्चितच उजवी आहे. मात्र तिचे आयुष्य आतल्या फायबरच्या सलग थरावर अवलंबून असते, लाकडाच्या जाडीवर फारसे नाही.

सर्वांत आधी भाराचा विचार करावा. पाणी 70 सेंटीमीटर उंच भरले की तळाच्या प्रत्येक चौरस मीटरवर 700 किलो भार येतो, आणि राहत्या खोल्यांचे स्लॅब साधारणपणे चौरस मीटरला 200 किलो भार धरून आखलेले असतात. म्हणून ही टाकी तळमजल्यावर, थेट जमिनीवर टेकलेल्या जोत्यावरच ठेवली आहे. पुढच्या बाजूवर पाण्याचा एकूण रेटा जवळपास 590 किलोंचा येतो. हा रेटा टाकीच्या लांबीवर आणि पाण्याच्या उंचीवर ठरतो, रुंदीवर नाही. त्यामुळे ज्यांना जास्त पाणी हवे आहे त्यांनी उंची न वाढवता रुंदी वाढवावी. माशांनाही पोहायला रुंदीच उपयोगी पडते.

लाकूड म्हणून 19 मिलिमीटरचे मरीन प्लाय (पाण्यात टिकणारे प्लायवूड) घेतले. घेताना आयएस 710 या भारतीय मानकाचा शिक्का पाहून घ्यावा, कारण आयएस 303 चे साधे प्लाय त्याच रंगाचे दिसते आणि पुष्कळ स्वस्त मिळते. सुताराने सर्व कडा गुण्यात (अचूक काटकोनात) घेऊन सांध्यांना गोंद आणि स्टेनलेस स्टीलचे स्क्रू लावले. वरच्या बाजूला पट्ट्या जोडण्याऐवजी एकाच अखंड तक्त्यातून मधला भाग कापून चौकट केली आहे. लांब भिंतींना बाहेर फुगू न देण्याचे काम हीच चौकट करते. पुढच्या कडेला दोरा ताणून मी अधूनमधून फुगवटा मोजतो, तो मधोमध दोन मिलिमीटरच्या आतच राहिला आहे आणि पहिल्या भरणीनंतर वाढलेला नाही.

फायबरच्या कामावर सर्वाधिक खर्च झाला आणि तो सार्थकी लागला. होड्यांचे काम करणारे कारागीर बहुधा पॉलिस्टर रेझिन (वाळून कडक होणारे द्रव) आणि मॅट (काचेच्या सुट्या धाग्यांची चादर) सुचवतात, कारण ते स्वस्त पडते व लवकर वाळते. परंतु पॉलिस्टर वाळताना आकसते आणि लाकडावरची त्याची पकड इपॉक्सी या दुसऱ्या रेझिनइतकी घट्ट नसते, म्हणून मी इपॉक्सी आणि विणलेले काचकापड वापरले. बाजारात मिळणाऱ्या साध्या मॅटचे धागे ज्या चिकटद्रव्याने धरलेले असतात, ते पॉलिस्टरमधल्या स्टायरीन या द्रावकात विरघळते, इपॉक्सीत विरघळत नाही. तेव्हा इपॉक्सीबरोबर ती मॅट घेऊ नये.

आतल्या कोपऱ्यांकडे विशेष लक्ष द्यावे लागते. काचकापड काटकोनात नीट बसत नाही, ते कोपऱ्यापासून सुटून आत पोकळी राहते आणि पाण्याच्या दाबाखाली नेमकी तीच जागा फुटते. त्यासाठी इपॉक्सीत सिलिकाची बारीक पूड कालवून पुट्टीसारखा घट्ट लगदा करावा आणि चमच्याच्या पाठीने प्रत्येक कोपरा गोलसर भरून घ्यावा. तो लगदा किंचित चिकट असतानाच वरून कापड बसवले की दोन्ही थर एकजीव होतात. हार्डनर कालवलेले रेझिन मगात साठवून ठेवू नये, त्यात उष्णता कोंडून ते काही मिनिटांत धुरकटते. पसरट ट्रेमध्ये ओतल्यास हातात पुरेसा वेळ राहतो. हे काम फेब्रुवारी-मार्चमध्येच उरकावे, असे माझे ठाम मत आहे. दमट हवेत वाळत्या इपॉक्सीवर मेणचट साय येते, आणि ती पाण्याने धुऊन पॉलिश पेपर मारल्याशिवाय पुढचा थर धरत नाही. वरच्या पाइपांसाठी पाडलेली छिद्रे आधी मोठी पाडून इपॉक्सीने पूर्ण बुजवली आणि मग त्यातून हव्या त्या मापाची छिद्रे पाडली. त्यामुळे छिद्राच्या कडेलाही उघडे लाकूड उरले नाही.

समोरच्या बाजूची काच 12 मिलिमीटरची, टफन केलेली (उष्णता देऊन मजबूत केलेली) आहे. ती आतून चौकटीवर टेकवली असल्याने पाणीच तिला सिलिकॉनवर दाबून धरते. आजवर त्या सांध्यातून थेंबही आलेला नाही. मासे सोडण्यापूर्वी इपॉक्सी आठवडाभर पक्के होऊ दिले आणि टाकी अनेकदा भरून रिकामी केली.

ऋतूंचा अनुभव मात्र दोन्ही बाजूंचा आहे. लाकूड काचेच्या मानाने उष्णता फारच कमी वाहून नेते. हिवाळ्यात रात्रीचा पारा 10 अंशांपर्यंत उतरला तरी पाणी संथपणे थंड होत होते आणि हीटर क्वचितच चालू होत होता. हाच गुण एप्रिल-मे महिन्यांत डोकेदुखी ठरला, कारण पंपाची उष्णताही आतच कोंडून राहिली आणि पाणी 31 अंशांवर गेले. झाकण उघडून पाण्यावर छोट्या पंख्याचा झोत सोडल्यावर तापमान उतरले. एवढ्या पाण्याचे तापमान एक अंशाने उतरवायला सुमारे अडीच लिटर पाण्याची वाफ होणे पुरते, तेव्हा चिलरचा (पाणी थंड करणाऱ्या यंत्राचा) खर्च करण्याआधी हा उपाय अवश्य करून पाहावा. पावसाळ्यात हवाच ओली असल्याने पंख्याचा फारसा उपयोग होत नाही, पण तेव्हा गरजही पडत नाही.

तोटेही सांगायला हवेत. मासे केवळ समोरूनच दिसतात, आणि पाण्याच्या रेषेवरचा, दिव्याखालचा इपॉक्सीचा पट्टा पिवळसर पडू लागला आहे. टोकदार दगड आत ठेवता येत नाहीत. ऑस्कर तळ उकरतात आणि दगड हलवतात, म्हणून नदीतले गुळगुळीत गोटेच ठेवले आहेत व त्यांच्याखाली प्लास्टिकची जाड जाळी अंथरली आहे. पाचशे लिटरच्या आतल्या टाकीसाठी हा सारा खटाटोप करू नये. तिथे काचच परवडते.

बाहेरून सनमायका लावण्याचा आग्रह अनेकजण करतात, पण मी केवळ पारदर्शक व्हार्निश मारले आहे. आत कुठे पाणी मुरले, तर उघड्या प्लायवर प्रथम काळसर डाग उमटतो आणि बोटाने टिचकी मारल्यावर आवाज बद्द येतो. सनमायकाखाली हे दोन्ही झाकले जाते. पाणी बदलण्याच्या दिवशी मी खालची कड, चारही कोपरे आणि पाइपांभोवतीची जागा टॉर्च लावून पाहतो व टिचकी मारून तपासतो. आजपर्यंत सर्वत्र आवाज खणखणीत आला आहे.