लेथच्या व्हिडिओवर विसंबलो आणि सत्तर हजारांना बुडालो

कुडाळला घराच्या पडवीत मी चार वर्षं हौसेने क्यू, म्हणजे स्नूकर-पूल खेळायच्या काठ्या, दुरुस्त करतो. क्लबातली पोरं ते आणून देतात. कुणाची टिप (टोकाची चामड्याची चकती) सुटलेली, कुणाचा फेरूल (टिपेखालची कडी) चिरलेला. पावसाळ्यात काम वाढतं, कारण दमट हवेत लाकूड वाकतं. इतके दिवस ड्रिल मशीन आडवं बांधून भागवलं, यंदा जुना लेथ, म्हणजे वस्तू गोल फिरवत तासायचं यंत्र, घ्यायचं ठरवलं.

एकसंध क्यू 58 इंचांच्या आसपास असतो. टिपेकडचं टोक चकमध्ये (लेथच्या पकडीत) धरायचं तर बाकीचा क्यू स्पिंडलच्या, म्हणजे चक फिरवणाऱ्या पोकळ दांड्याच्या, भोकातून मागे निघायला हवा, आणि मागची मूठ साधारण 30 मिलिमीटर जाड. म्हणून मी जाहिरातवाल्याला पहिल्यांदा भोकच विचारलं. 38 मिलिमीटर, तो म्हणाला. व्हिडिओ कॉलवर मशीन चालवून दाखवलं, डायल गेज (फिरताना किती डगमगतं ते काट्याने दाखवणारं माप) लावला, काटा जागचा हलला नाही. मी लगेच 20,000 पाठवले.

टेम्पो आला तो संध्याकाळी, भर पावसात. उरलेले 50,000 आल्याशिवाय माल उतरवणार नाही, टेम्पोवाले म्हणाले. हमाल भिजत उभे होते. ताडपत्री न उघडताच मी पैसे भरले. इथेच चुकलो.

सकाळी बघतो तर ताजा हिरवा रंग, आणि नंबरची पट्टी घासून काढलेली. व्हर्निअर (बारीक मोजमापाची पट्टी) लावला, भोक 26 मिलिमीटर. क्यूची मूठ आत गेलीच नाही. चकमध्ये सरळ गोल सळई धरून गेज लावला तर काटा 0.15 मिलिमीटर फिरला. एवढा फरक असला की फेरूल आणि लाकडाच्या सांध्यावर नख अडकतं.

मामा एमआयडीसीत टर्नर (लेथ चालवणारे कारागीर) होते, त्यांना बोलावलं. त्यांनी गिअरबॉक्सचा बूच काढला. काळं, घट्ट तेल आलं. ते बोटांत चोळून मामा म्हणाले, "अरे, हेच्यात भुसो घातलेलो आसा." झिजलेल्या गिअरचा आवाज दाबायला लाकडाचा भुसा! व्हिडिओत मशीन एवढं शांत का वाटलं, ते तेव्हा कळलं. तेच मशीन होतं की दुसरं, देव जाणे.

आता फोन बंद आहे, हातात कच्चं बिल आहे. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार आपण राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगातही दाद मागता येते, म्हणून चॅट, बिल, फोटो सगळं जपून ठेवलंय. ताडपत्री उघडतानाचा व्हिडिओ मात्र काढला नाही, ते फार जाचतं.

सावंतवाडीपासून कणकवलीपर्यंत कुणी जुना लेथ बघायला जाणार असाल तर मला सांगा. गेज, व्हर्निअर आणि एक अख्खा क्यू घेऊन मी सोबत येईन. पैसे मोजायच्या आधी बूच उघडून तेल बघू.