चोरी की जबरी चोरी?

लोकलच्या गर्दीत खिशातून पाकीट गेलं, घरी पोचल्यावर कळलं: ही चोरी. भारतीय न्याय संहितेचं कलम 303, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. वस्तू पाच हजारांच्या आतली, पहिलाच गुन्हा आणि माल परत केला, तर नुसती समाजसेवा. अशा किरकोळ चोरीत पोलीस थेट एफआयआर नोंदवत नाहीत, ही खरी गोम.

चाकू दाखवून तेच पाकीट काढून घेतलं, तर जबरी चोरी. कलम 309, दहा वर्षांपर्यंत. सूर्यास्तानंतर हमरस्त्यावर केली, तर चौदा. पाकिटात शंभर रुपये असले तरी फरक पडत नाही. इजा, अडवणूक किंवा तत्काळ इजेची भीती चोरीसाठी किंवा माल पळवण्यासाठीच हवी. आंबे चोरताना पकडला गेला, टोपली टाकून पळाला आणि सुटकेसाठी राखणदाराला दगड मारला, तर ती जबरी चोरी नव्हे. चोरी आणि मारहाण वेगवेगळी. टोपली बगलेत असताना मारला, तर मात्र 309.

मंगळसूत्र हिसकावणं या दोहोंच्या मधलं. 1 जुलै 2024 पासून त्याला स्वतंत्र कलम 304 आहे. शिक्षा चोरीइतकीच, तीन वर्षांपर्यंत, आणि गुन्हा अजामीनपात्र. मानेला ओरखडा उठला असेल, तर फिर्यादीत जरूर लिहून घ्या. 309 लागू शकतं.