पहिला मेटल डिटेक्टर घेताना: एस ३००, व्हॅनक्विश ३४० आणि सिम्प्लेक्स प्लस

खर्चाला मर्यादा असेल तर पहिल्या मेटल डिटेक्टरसाठी तीनच नावं गंभीरपणे विचारात घ्यावीत असं आमचं मत आहे: गॅरेटचा एस ३००, माइनलॅबचा व्हॅनक्विश ३४० आणि नोक्ताचा सिम्प्लेक्स प्लस. तिघंही नामांकित कंपन्यांचे आहेत, तिघांचे सुटे भाग मिळतात आणि किमतीतही फार अंतर नसतं. तरी ही यंत्रं एकमेकांच्या जागी चालत नाहीत. एकाला हिरवळ मानवते, दुसऱ्याला समुद्राची ओली वाळू, तिसऱ्याला लोहयुक्त लाल माती. म्हणून आधी शोधायला कुठे जाणार ते ठरवा, मग यंत्र.

खोक्यावर छापलेल्या खोलीच्या आकड्याने निवड करू नका. तो आकडा बहुधा मोठ्या वस्तूचा असतो, नाण्याचा नसतो. नाण्याएवढ्या वस्तूपासून परत येणारा सिग्नल अंतराच्या साधारण सहाव्या घाताने कमी होतो, कारण चुंबकीय क्षेत्र जाताना तिसऱ्या घाताने क्षीण होतं आणि वस्तूकडून परत येतानाही तितकंच. अंतर दुप्पट झालं की सिग्नल ६४ पट कमी. याचीच दुसरी बाजू अशी की यंत्राची सिग्नल पकडण्याची क्षमता दुप्पट केली तरी खोली जेमतेम १२ टक्क्यांनी वाढते. दुप्पट किमतीचं यंत्र दुप्पट खोल का जात नाही, ते यावरून समजेल. साध्या मातीत या वर्गातली यंत्रं नाणं २० ते २५ सेंटीमीटरपर्यंत ऐकवतात. पण वस्तू कोणत्या धातूची असावी हे सुचवणाऱ्या पडद्यावरच्या आकड्यावर भरवसा ठेवायचा तर १५ सेंटीमीटरपर्यंतच. त्याखाली आकडा हलायला लागतो आणि खनिजं जास्त असतील तर चांगली वस्तूही लोखंडाच्या बाजूला सरकते.

पैसे जायला हवेत ते ग्राउंड बॅलन्सवर. मातीत लोहाची खनिजं, विशेषतः मॅग्नेटाइट असेल तर माती स्वतःच सिग्नल देते. तो वजा करण्याचं काम ग्राउंड बॅलन्स करतो. एस ३०० मध्ये हा बॅलन्स कारखान्यातच एका ठिकाणी बसवलेला आहे, तुम्हाला बदलता येत नाही. बागेत, खेळाच्या मैदानावर, साध्या शेतमातीत त्याने काही बिघडत नाही. लाल किंवा काळ्या खनिजयुक्त जमिनीत मात्र कॉइल (दांडीच्या टोकाची शोधचकती) वर-खाली झाली की यंत्र बडबडायला लागतं. ते शांत करायला सेन्सिटिव्हिटी, म्हणजे सिग्नल पकडण्याची पातळी, उतरवावी लागते आणि खोलीही त्याबरोबर जाते. सिम्प्लेक्स प्लसमध्ये ग्राउंड बॅलन्सचं बटण आहे. धातू नसलेली जागा शोधायची, बटण दाबून ठेवायचं आणि कॉइल जमिनीपासून ३ ते १५ सेंटीमीटरच्या दरम्यान सावकाश वर-खाली करायची. आवाज मावळला की बटण सोडायचं. माती बदलली की पुन्हा करायचं. एवढी एक सोय आहे म्हणून बहुतेक नवख्यांना आम्ही सिम्प्लेक्स सुचवतो.

आता एकेक यंत्र.

गॅरेट एस ३०० हा ८ किलोहर्ट्झचा, ७ बाय १० इंचांच्या कॉन्सेंट्रिक (एकात एक वेटोळी असलेल्या) कॉइलचा आणि चार पेन्सिल सेलवर चालणारा. ० ते ९९ आकडा दाखवतो. कमी फ्रिक्वेन्सीमुळे चांदी-तांब्याची नाणी त्याला चांगली ऐकू येतात. बारीक सोनं, पातळ साखळी यांच्या बाबतीत तो कमी पडतो. कॉन्सेंट्रिक कॉइलचं क्षेत्र खाली निमुळतं होत जातं, त्यामुळे वस्तूची नेमकी जागा पटकन सापडते. याच कॉइलचा तोटा म्हणजे खनिजयुक्त जमिनीचा त्रास तिला जास्त होतो. कॉइल पाण्यात बुडवली तरी चालते, वरचा पडदा-बटणांचा डबा नाही. जोराच्या पावसात तो झाकायलाच हवा. हेडफोनचा जॅक सव्वासहा मिलिमीटरचा जाडा आहे, मोबाइलचे हेडफोन लावायला अडॅप्टर लागतो. याच मालिकेतल्या एस ४०० मध्ये १० किलोहर्ट्झ, मोठी डबल-डी कॉइल (आत 'डी' आकाराची दोन वेटोळी असलेली) आणि लोखंडासाठी वेगळा आवाज मिळतो. गॅरेटच घ्यायचा असेल तर थोडं थांबून एस ४०० घ्या. पण त्यातही ग्राउंड बॅलन्स कारखान्याचाच आहे.

माइनलॅब व्हॅनक्विश ३४० ची गोष्ट वेगळी. २०१९ साली आलेल्या या मालिकेने एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सींवर चालणारं तंत्र स्वस्त गटात आणलं. समुद्रकिनाऱ्यावर याचा खरा उपयोग होतो. खारं पाणी स्वतः वीजवाहक असतं आणि एका फ्रिक्वेन्सीच्या यंत्राला ओली वाळू फॉइलसारखी भासते. कॉइल ओल्या वाळूवर आली की भुणभुण सुरू. बहुफ्रिक्वेन्सी यंत्र मीठ आणि धातू यांतला फरक ओळखून वाळूचा आवाज काढून टाकतं. ज्यांची बहुतेक फिरस्ती किनाऱ्यावर होणार त्यांनी दुसरं काही बघू नये. मोड तीन: नाणी, दागिने आणि सर्व धातू. हाताने ग्राउंड बॅलन्स करायची सोय नाही, पण यंत्र तुलनेने शांत राहतं. डबल-डी कॉइल १ मीटर पाण्यापर्यंत चालते, डबा मात्र ओला होऊ द्यायचा नाही. त्यामुळे लाटांमध्ये उतरणं या यंत्राचं काम नव्हे, घोट्याएवढ्या पाण्यातही पाय घसरला तर नुकसान मोठं. ४४० घेतला तर स्वतःचा मोड बांधता येतो. फरक परवडत असेल तर तो पैसा वाया जात नाही.

नोक्ता सिम्प्लेक्स प्लस १२ किलोहर्ट्झचा. ११ इंची डबल-डी कॉइल, लोखंडाच्या आवाजाची वेगळी पातळी, कंपनाने सूचना, आणि सगळं यंत्र ३ मीटर पाण्याखाली चालणारं. नदी, तळं, पाऊस, चिखल कशाचीच काळजी नाही. वजन १.३ किलो, बॅटरी आतच बसवलेली. ती आत असणं सोयीचंही आहे आणि अडचणीचंही: पेन्सिल सेलसारखी वाटेत बदलता येत नाही, पॉवर बँक जवळ ठेवावी लागते. साधा हेडफोन थेट लागत नाही, वायरलेस हेडफोन किंवा अडॅप्टर घ्यावा लागतो, तेव्हा तोही हिशेबात धरा. ओल्या खाऱ्या वाळूवर बीच मोडमध्ये काम होतं, पण खोली कमी मिळते. पुढे या यंत्राची जागा लाइट, बीटी आणि अल्ट्रा या मॉडेलांनी घेतली. जुना साठा किंवा वापरलेला प्लस चांगल्या स्थितीत मिळाला तर नावापायी नव्याच्या मागे लागू नये.

लोखंडाबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण नवख्याची निम्मी निराशा तिथेच होते. डिस्क्रिमिनेशन, म्हणजे नको त्या धातूंचे आवाज गाळण्याची सोय, वाढवून लोखंड गप्प केलं की खिळ्याशेजारचं नाणंही गप्प होतं. ही अडचण या तंत्राइतकीच जुनी आहे. १८८१ मध्ये अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल अमेरिकेच्या जखमी राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्या शरीरातली गोळी अशाच यंत्राने शोधत होते, तेव्हा गादीतल्या पोलादी तारांनी घोळ घातला होता. दुकानात यंत्र हातात मिळालं तर ही चाचणी जरूर करा: खिळे-स्क्रू नसलेल्या जागी एक नाणं आणि एक लोखंडी खिळा ५ सेंटीमीटर अंतरावर ठेवा आणि कॉइल १० सेंटीमीटर उंचीवरून फिरवा. मग ९० अंशांत वळून पुन्हा फिरवा. डबल-डी कॉइलचं क्षेत्र पुढून मागे पसरलेल्या पात्यासारखं असतं. खिळा आणि नाणं फिरण्याच्या दिशेने शेजारीशेजारी असतील तर दोन्ही वेगळे ऐकू येतात. दोन्ही एकाच वेळी पात्याखाली आले की नाणं हरवतं. म्हणून जमिनीवरही एक पट्टा उभा आणि तोच पट्टा आडवा असा दोनदा फिरवायचा.

उलटंही घडतं. गंजलेलं बाटलीचं बूच, लोखंडी वॉशर, पत्र्याचा तुकडा हे चांगल्या धातूसारखा उंच आवाज देतात. खूण अशी की आकडा स्थिर राहत नाही, दिशा बदलली की आवाज बदलतो, आणि कॉइल हळूहळू बाजूला नेली की कडेला लोखंडाचा घोगरा आवाज येतो. फॉइल आणि कॅनच्या कड्या मात्र कायमच्या डोकेदुखी आहेत. सोन्याची बारीक अंगठी फॉइलच्या आकड्यांत येते, जाड अंगठी कडीच्या. कड्या बंद केल्या तर अंगठ्याही बंद होतात, याला कोणत्याही किमतीच्या यंत्रात उपाय नाही. खणत राहायचं.

सगळे पैसे यंत्रात घालू नका. साधारण चौथा हिस्सा पिनपॉइंटर, खणायचं साधन आणि हेडफोनसाठी राखून ठेवा. पिनपॉइंटर म्हणजे हातात मावणारा छोटा शोधक, तो खड्ड्यात घातला की वस्तू उपसलेल्या मातीत आहे की खड्ड्याच्या भिंतीत ते कळतं. तो नसेल तर एका नाण्यासाठी पुन्हा पुन्हा माती उपसावी लागते आणि खड्डा विनाकारण मोठा होतो. खुरपं साधं चालत नाही, मुठीपाशी वाकतं. पातं आणि मूठ एकाच पोलादी तुकड्याचं असलेलं, एका कडेला दाते असलेलं घ्या. हिरवळीवर गवताचा तुकडा तीन बाजूंनी कापून बिजागरीसारखा उलटा करा, माती फडक्यावर काढा आणि सगळं तसंच परत दाबून बसवा.

टाळायच्या वस्तूंमध्ये पहिला क्रमांक लांबून सोनं दाखवणाऱ्या अँटेनावाल्या यंत्रांचा. दांडी फिरते, शेकडो मीटरवरचा खजिना दाखवते असा दावा असतो आणि आत उपयोगाचं काहीच नसतं. याच जातीचा एडीई ६५१ हा बनावट बॉम्बशोधक इराकमध्ये विकला गेला. तो विकणाऱ्याला २०१३ मध्ये ब्रिटनच्या न्यायालयाने १० वर्षांची शिक्षा दिली. दुसरं म्हणजे नामांकित यंत्रांच्या नकला. सिरियल नंबर कंपनीकडे नोंदवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. नोंद होत नसेल तर हमीही नाही.

वापरलेलं यंत्र घेण्यात काहीच कमीपणा नाही, फक्त तपासणी नीट करा. सेलच्या कप्प्यात हिरवी-पांढरी बुरशी दिसली तर सेल आत राहून गळले आहेत. कॉइलच्या कानांना, म्हणजे बोल्ट जातो तिथे, तडा आहे का बघा. यंत्र चालू ठेवून केबल कॉइलच्या तोंडाशी आणि डब्याच्या तोंडाशी हलकेच वाकवा, खरखर झाली तर आतली तार तुटत आली आहे. कॉइलवर बोटांनी टिचकी मारा. धातूसारखा आवाज वारंवार येत असेल तर कॉइल गेलेली समजा. नवी कॉइल यंत्राच्या किमतीचा बराच मोठा भाग खाते, आणि दुसऱ्या मॉडेलची कॉइल बसली तरी बहुधा चालत नाही, कारण ती त्या यंत्राच्या फ्रिक्वेन्सीला जुळवलेली असते.

यंत्र घरी आल्यावर केबल दांडीला घट्ट गुंडाळा. सैल वळसा कॉइलवर झुलला की खोटे सिग्नल येतात, आणि लोक यंत्र बिघडलं म्हणून परत पाठवतात. मोबाइल खिशात नको, विजेच्या तारांखाली आणि एलईडी दिव्यांजवळ चाचणी नको. आवाज थांबत नसेल तर आधी फ्रिक्वेन्सी थोडी सरकवा (सिम्प्लेक्समध्ये तशी सोय आहे), मग सेन्सिटिव्हिटी दोन पायऱ्या उतरवा. शांत चालणारं कमी सेन्सिटिव्हिटीचं यंत्र बडबड्या यंत्रापेक्षा जास्त सापडवून देतं. कॉइल जमिनीला समांतर, २-३ सेंटीमीटर उंचीवर ठेवा. फेरीच्या टोकाला ती वर उचलली जाते, तिथेच खोली हातची जाते. प्रत्येक फेरी मागच्या फेरीवर निम्मी चढली पाहिजे.

सरावासाठी धातू नसलेल्या जागी तीन नाणी १०, १५ आणि २० सेंटीमीटरवर पुरा, चौथ्या जागी खिळा. ताजी उकरलेली माती भुसभुशीत असल्याने सुरुवातीला आवाज कमजोर येईल, माती बसेपर्यंत वाट बघा. आकडा झाकून फक्त कानाने ओळखायचा प्रयत्न करा. आणि कुठेही शोधायला जाण्याआधी जागामालकाची परवानगी घ्या. संरक्षित स्मारकं आणि पुरातत्त्व स्थळं बहुतेक देशांत कायद्याने बंद आहेत, तिथे यंत्र नुसतं बाळगणंही काही ठिकाणी गुन्हा ठरतो.