आगमनकाळाच्या पुष्पचक्राचा संच: कडे उत्तम, मेणबत्त्या तोकड्या

पितळी कडे, तीन जांभळ्या, एक गुलाबी व मध्यभागी लावायची एक पांढरी मेणबत्ती, वेलीची प्लास्टिकची पाने आणि चारही रविवारांच्या बायबल-वाचनांची मराठी पुस्तिका असा पुष्पचक्राचा संच आमच्या मुंबईतील मंडळीने २०२५ च्या आगमनकाळासाठी, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांच्या काळासाठी, चर्चचे साहित्य विकणाऱ्या एका दुकानातून २,४०० रुपयांना मागवला. वेदीची मांडणी माझ्याकडे असल्याने ३० नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपासून नाताळापर्यंत तो माझ्याच हाताखाली होता.

कड्याबद्दल तक्रारीला जागा नाही. ते वजनदार आहे, डुगडुगत नाही, आणि प्रत्येक खोबणीला बाजूने स्क्रू असल्यामुळे थोडी जाड-बारीक मेणबत्तीही घट्ट बसते. खोबणीखालची वाटी मात्र इतकी उथळ आहे की मेण भरून बाहेर ओघळते. वेदीच्या जांभळ्या वस्त्रावर पडलेले डाग गरम इस्त्री आणि टीपकागद घेऊन काढावे लागले.

खरी अडचण मेणबत्त्यांची आहे. या चक्रात दर रविवारी एकेक मेणबत्ती वाढवत नेतात, म्हणून पहिली मेणबत्ती चारही रविवारी जळते आणि चौथी एकाच रविवारी. उपासना दीड तासाची धरली, तर चौथ्या रविवारअखेर पहिली सहा तास जळालेली असते, त्यावर नाताळाच्या सकाळी पाचही पेटवायच्या असतात. संचातल्या चारही मेणबत्त्या मात्र एकाच उंचीच्या आणि बारीक. त्यात मुंबईत डिसेंबरातही पंखे बंद ठेवता येत नाहीत. वाऱ्याने ज्योत झुकते त्या बाजूची कड आधी वितळून आमची पहिली मेणबत्ती तिरकी होत गेली आणि चौथ्या रविवारी वाचन चालू असतानाच विझली. सुटी जांभळी मेणबत्ती दुकानात मिळत नाही, पूर्ण जोडच घ्यावा लागतो, हे मला अजिबात पटलेले नाही. जांभळा रंगही फक्त वरच्या थरापुरता असून आत पांढरे मेण आहे, त्यामुळे ओघळ पांढरे दिसतात. तिसऱ्या रविवारची मेणबत्ती, आनंदाचा रविवार म्हणून जिचा रंग वेगळा ठेवतात, ती फिक्या गुलाबी रंगाऐवजी भडक राणी रंगाची निघाली. फोनवर कळवल्यावर दुकानाने ती विनातक्रार बदलून दिली, हे नमूद केले पाहिजे.

प्लास्टिकची पाने ज्योतीजवळ ठेवण्याचे धाडस कोणी करू नये. आम्ही ती पहिल्याच दिवशी काढून दादरच्या फुलबाजारातून मोरपंखी आणली आणि दर शनिवारी ताजी लावली. सुरूच्या फांद्या दिसायला अधिक सुंदर असतात, पण वाळल्यावर लगेच पेट घेतात. पानांसोबत चकचकीत घंटा आणि चिमुकला सांताक्लॉजही आला होता. संयमाच्या आणि प्रतीक्षेच्या या काळात वेदीवर त्यांचे काय काम, हे दुकानदारच जाणे.

पुस्तिकेचे मराठी शुद्ध आहे, अक्षर मोठे आहे, आणि शब्बाथ शाळेच्या, म्हणजे चर्चमधल्या रविवारच्या वर्गाच्या, मुलांना न अडखळता वाचता येईल अशी प्रत्येक रविवारची छोटी प्रार्थना दिली आहे. हाम्बुर्गमध्ये योहान हिन्रिक विखर्न यांनी १८३९ मध्ये आपल्या आश्रमातील मुलांना नाताळापर्यंतचे दिवस मोजता यावेत म्हणून जुन्या गाडीच्या चाकावर वीस लहान आणि चार मोठ्या मेणबत्त्या लावल्या, ही माहितीही तिच्यात आहे, आणि नाताळाला अजून किती दिवस आहेत असे रोज विचारणाऱ्या आमच्या मुलांना ती फार आवडली. मात्र यशयाचे दुसरे, अकरावे, पस्तिसावे आणि सातवे अध्याय व त्यांच्या जोडीला मत्तयाचे शुभवर्तमान ही वाचने चर्चमध्ये दर तीन वर्षांनी फिरून येणाऱ्या वाचनक्रमातील पहिल्या वर्षाची आहेत, हे मुखपृष्ठावर कुठेच छापलेले नाही. २०२५ ला ती जुळली. २०२६ चा आगमनकाळ २९ नोव्हेंबरला सुरू होईल तेव्हा मार्काच्या शुभवर्तमानाचे, म्हणजे क्रमातले दुसरे, वर्ष असेल, आणि हा क्रम पुन्हा २०२८ मध्ये येईल. पाळकसाहेबांना हे आधीच दाखवून ठेवावे, नाहीतर व्यासपीठावरून एक वाचन आणि मुलांच्या हातात दुसरे असा घोळ होईल.

घरगुती प्रार्थनेसाठी, जिथे मेणबत्त्या संध्याकाळी दहा-पंधरा मिनिटेच जळतात, हा संच आहे तसा घ्यायला हरकत नाही. मंडळीसाठी घेणाऱ्यांनी दुकानदाराकडे नुसते कडे मागावे, तो देतो, आणि जाड, आतपर्यंत रंगलेल्या मेणबत्त्या नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत वेगळ्या बनवून घ्याव्यात. पहिल्या रविवारसाठी एक जादा.