गावातला वेब डेव्हलपर शोधताना: गिटहब सर्च आणि वायसीचं को-फाउंडर मॅचिंग, काही महिने वापरून

आधी माझी गरज सांगतो, म्हणजे हे मत तुम्हाला कितपत लागू पडेल ते ठरवता येईल. कृषी सेवा केंद्रांसाठी स्टॉक आणि उधारीचं वेब सॉफ्टवेअर करतोय. औषधांचे बॅच नंबर, एक्स्पायरी, शेतकऱ्याचा माल विकल्यावर येणारी वसुली, असा सगळा मामला. द्राक्षांच्या ऑक्टोबर छाटणीच्या गर्दीत पिंपळगावच्या एखाद्या दुकानात काउंटरमागे उभं राहिल्याशिवाय ती स्क्रीन कशी हवी हे डेव्हलपरला समजणार नाही. म्हणून रिमोट नको, नाशिकचाच माणूस हवा होता, आणि तोही पगारावर नाही तर भागीदारीत.

गिटहब म्हणजे डेव्हलपर आपला कोड ठेवतात ती साइट. तिथलं युजर सर्च फुकट आहे आणि लोकेशन व लँग्वेज (प्रोग्रामिंगची भाषा) हे दोन फिल्टर लावले की काम सुरू होतं. पण लोकेशन म्हणजे ज्याने त्याने हाताने टाइप केलेला मजकूर. नाशिकच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये कोणी ‘एच’ घालतं, कोणी नाही. दोन्ही वेगवेगळं शोधावं लागतं. सिन्नर, ओझर, निफाड हेही टाकून बघा. एका शोधात पहिले 1000 निकालच दिसतात. नाशिकला त्याची अडचण येत नाही, पुण्यासाठी मात्र लँग्वेज आणि रेपोंची (म्हणजे तिथे ठेवलेल्या कोड-प्रोजेक्टची) संख्या लावून यादी गाळून घ्यावी लागेल.

प्रोफाइलवर रोजच्या कामाची नोंद दाखवणाऱ्या हिरव्या चौकोनांना मी काडीची किंमत देत नाही. ते स्क्रिप्ट लावूनही भरता येतात. मी इश्यू, म्हणजे प्रोजेक्टवर आलेल्या तक्रारी-सूचना, वाचतो. कोणी बग कळवला तर हा माणूस काय उत्तर देतो, दोन वर्षांपूर्वीचा प्रोजेक्ट अजून सांभाळतोय का, कमिट मेसेजमध्ये (कोड बदलताना लिहायची टीप) नुसतं ‘फिक्स’ लिहितो की काय बदललं तेही लिहितो. यातून बायोडेटापेक्षा जास्त कळतं. संपर्क करताना त्याच्याच कोडबद्दल दोन ओळी लिहा. प्रोफाइलवरचे ईमेल गोळा करून सरसकट मेल पाठवणं गिटहबच्या नियमांत बसत नाही, आणि तसल्या मेलला उत्तर तरी कोण देणार?

या पद्धतीची मोठी मर्यादा अशी की आयटी कंपनीत दहा वर्षं घालवलेल्या माणसाचं काम खासगी रेपोत असतं. बाहेरून त्याचं खातं ओसाड दिसतं. त्यामुळे हाती लागतात ते बहुतेक विद्यार्थी आणि फ्रीलान्सर.

वाय कॉम्बिनेटर (वायसी) ही नव्या कंपन्यांना पैसे आणि मार्गदर्शन देणारी अमेरिकी संस्था, म्हणजे अॅक्सेलरेटर. सहसंस्थापक शोधायला मदत करणारं तिचं को-फाउंडर मॅचिंग 2021 मध्ये सर्वांसाठी खुलं झालं. तेही फुकट, आणि त्यांच्या अॅक्सेलरेटरला अर्ज केलेला असण्याची अट नाही. नाशिकवाल्यांनी पुणे-मुंबईही धरावी, नुसत्या नाशिकवर यादी लांबत नाही. मला आवडलं ते वेगळंच: तुम्ही टेक्निकल आहात का, पूर्णवेळ कधी येणार, कोणती जबाबदारी घेणार, हे प्रश्न प्रोफाइल भरतानाच विचारलेले असतात. आपल्याकडे हा विषय तिसऱ्या भेटीत चहा संपत आल्यावर निघतो.

माणूस सापडल्यावरचं काम या दोन्हींच्या बाहेरचं. समोरचा नोकरीत असेल तर बाहेरचं काम चालतं का हे बघायला आधी त्याचं नेमणूकपत्र वाचायला मागा. 2022 मध्ये विप्रोने नोकरीत असतानाच प्रतिस्पर्धी कंपन्यांसाठी काम करणाऱ्या 300 जणांना काढलं, तेव्हापासून लोक या बाबतीत जपून असतात. दुसरं, कोडची मालकी. नोकराने नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या कोडवर मालकाचा हक्क असतो, पण तुमचा होऊ घातलेला भागीदार तुमचा नोकर नसतो. कॉपीराइट कायदा, 1957 च्या कलम 19 प्रमाणे हक्क लेखी द्यावा लागतो. त्यात मुदत लिहिली नाही तर पाचच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. दोन्ही स्पष्ट लिहून घ्या. शेअर चार वर्षांत टप्प्याटप्प्याने आणि पहिलं वर्ष भरेपर्यंत शून्य, ही रीतसर पद्धत मी पहिल्याच बैठकीत मांडतो. ते ऐकून जे गेले, त्यांना मी थांबवलं नाही.

सध्याचा हिशोब असा: रिअॅक्टचं (स्क्रीनच्या बाजूचं) काम बघणारा मुलगा गिटहबवरून मिळाला, सिन्नरचा. बॅकएंडला (सर्व्हर आणि डेटाच्या बाजूला) त्याने त्याच्या ओळखीतले एक दादा सुचवले. त्यांचं गिटहब खातं आहे, पण 2019 नंतर त्यात काहीच नाही, त्यामुळे माझ्या कुठल्याच शोधात ते वर आले नसते. त्यांचा 90 दिवसांचा नोटीस पीरियड चालू आहे.